सगळ्यांनी पाचपैकी चारच का दिले?

तुम्ही विचारलंत, कामगारांच्या समाधानाच्या सर्व्हेत सगळ्यांनी पाचपैकी चारच गुण का दिले. या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. चाकणचा दीडशे माणसांचा कारखाना, समाधानाचा सर्व्हे गूगल फॉर्मवर, त्याला ईमेल लॉगिन सक्तीचं, आणि वर ‘नाव गुप्त राहील’ अशी ओळ. सगळ्यांनी ४ वर टिक केली, साहेब खूश झाले, आणि पुढच्या तिमाहीत क्वालिटीची दोन चांगली माणसं सोडून गेली. लोक खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. इन्क्रिमेंट तोंडावर असताना आणखी काय लिहिणार?

ईमेल काढलात तरी गुप्तता येत नाही. विभाग, वय, नोकरीची वर्षं, स्त्री की पुरुष, एवढं विचारलंत की स्टोअर्समधल्या एकुलत्या एक बाईंनी काय लिहिलं ते कोणीही ओळखेल. विभाग तेवढा विचारा. पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा निकाल वेगळा काढायचा नाही, हे व्यवस्थापनाकडून आधीच लेखी घ्या. मोकळे शेरेही जसेच्या तसे वर पाठवू नका. लिहिण्याच्या ढंगावरून माणूस कळतो.

आता प्रश्न. ‘पगार व सुविधांबाबत समाधानी आहात का?’ हे एकात दोन प्रश्न झाले. ४ नक्की कशाला मिळाले? गॅलप या सर्व्हे घेणाऱ्या अमेरिकी कंपनीची बारा प्रश्नांची यादी प्रसिद्ध आहे. तिची सुरुवात बघा: माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते मला माहीत आहे का, कामाला लागणारं साहित्य मिळतं का. ही रीत घ्या. (त्यातला ‘कामावर जिवलग मित्र आहे का’ हा प्रश्न मी आपल्याकडे विचारणार नाही, लोक हसतात.) फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हीत हवा, आणि शॉप फ्लोअरला कागदावर, पेटीत टाकायचा. कंत्राटी कामगारांना वगळू नका. निदान कँटीन, बस आणि सुरक्षिततेबद्दल तरी त्यांना विचारा.

‘कल्चर’, म्हणजे कारखान्यातली वागण्याची रीत, मात्र गुणांत सापडत नाही. अमेरिकी अभ्यासक एडगर शाइन यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं, आणि नुसत्या प्रश्नावलीवर त्यांचा भरवसा नव्हता. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. ठरलेल्या प्रश्नांवर माणसं मोजकं बोलून भलत्याच विषयाकडे वळत. मग प्रश्न बाजूला ठेवून त्यांना हवं ते बोलू दिलं, तेव्हा अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. तुम्हीही सर्व्हेनंतर प्रत्येक शिफ्टमधल्या पाच-सहा जणांशी बोला, सुपरवायझर नसताना. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं की पहिला प्रश्न ‘काय झालं’ असतो की ‘कोणी केलं’, एवढं विचारलंत तरी पुष्कळ कळेल.

आणखी एक. लैंगिक छळाची तक्रार या फॉर्ममध्ये यायला नको. तिच्यासाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर फॉर्मवरच छापा.

निकाल महिन्याभरात नोटीस बोर्डावर लावा, वाईट आकड्यांसकट. सोबत दोनच कामं जाहीर करा, पण तारखेसह. बसची वेळ, सुरक्षा बूट, असलं काहीही चालेल. पगारवाढ हातात नसेल तर तसं स्पष्ट लिहा. आणि साहेबांचा आग्रह ‘यंदा स्कोअर वर दिसला पाहिजे’ एवढाच असेल, तर सर्व्हे घेऊच नका. त्या वेळात सोडून गेलेल्या त्या दोघांना फोन करा.