केवळ बोटाच्या हाडावरून डेनिसोवा मानव ही वेगळी शाखा असल्याचे कसे ठरले?

बोटाच्या एका हाडावरून मानवाची वेगळी शाखा जाहीर करणे घाईचे नव्हते का, ही आपली शंका रास्त आहे. केवळ आकारावर विसंबायचे असते, तर त्या हाडावरून फारसे काही सांगता आले नसते. परंतु सायबेरियातील अल्ताय पर्वतातल्या थंड डेनिसोवा गुहेत २००८ साली सापडलेल्या या हाडात डीएनए विलक्षण चांगला टिकला होता. एरवी प्राचीन हाडांतून निघणारे बहुतांश तुकडे जिवाणूंचे असतात. येथे सुमारे ७० टक्के तुकडे ज्या मुलीचे ते हाड होते तिचेच होते.

लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पाबो यांच्या गटाने २०१० साली आधी तिचा मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) डीएनए वाचला, तेव्हा ती निअँडरथल (आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवशाखा) आणि आपण या दोघांपासूनही फार दूरची वाटली. मात्र हा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे असंख्य पूर्वजांपैकी एकाच रेषेची साक्ष देतो. वर्षअखेरीस पेशीकेंद्रकातील डीएनए वाचल्यावर चित्र पालटले: तिचा समूह निअँडरथलांचा भाऊबंद, पण त्यांच्यापासून लाखो वर्षे वेगळा राहिलेला होता, आणि त्याचा अंश पापुआ न्यू गिनीतील लोकांत आजही आढळतो. माझ्या मते निर्णायक पुरावा हाच आहे, कारण हाड एकीचेच असले तरी केंद्रकातील डीएनएमध्ये तिच्या अगणित पूर्वजांचा वारसा एकवटलेला असतो.

चेहऱ्यासाठी मात्र २०२५ पर्यंत थांबावे लागले. चीनमधील हार्बिन येथे १९३३ साली सापडल्याचे सांगितले जाते अशी, अनेक दशके विहिरीत लपवून ठेवलेली जाड भुवयांची भव्य कवटी २०२१ साली ‘होमो लाँगी’ या नव्या जातीची म्हणून मांडली गेली होती. जनुकशास्त्रज्ञ फू छिआओमेई यांच्या गटाने तिच्या दातावरील कीटणातून डीएनए आणि हाडातून प्रथिने मिळवली, आणि ती डेनिसोवा मानवाची ठरली.

उष्ण प्रदेशांत डीएनए लवकर नष्ट होतो, पण प्रथिने अधिक चिवट असतात. तैवानजवळच्या समुद्रतळातून वर आलेला एक जबडा त्याच वर्षी केवळ प्रथिनांवरून डेनिसोवा मानवाचा म्हणून ओळखता आला. नर्मदाकाठी हथनोरा येथे भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना १९८२ साली सापडलेल्या कवटीच्या वर्गीकरणाचा वाद अजून मिटलेला नाही. तिच्या बाबतीतही हा मार्ग कसोशीने तपासला जावा, असे मला मनापासून वाटते.