बॅकअप मध्येच अडकतो? आधी लॉग वाचा

नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर) जाणारा बॅकअप अडकला तर लगेच बॅकअप सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. त्यात बऱ्याचदा लॉगही (प्रोग्रामने ठेवलेल्या कामाच्या नोंदी) जातात आणि कारण हाती लागत नाही. लॉग उघडा आणि शेवटचा नाही, पहिला एरर वाचा. खालचे बहुतेक त्याचीच पिलावळ असतात.

'पाथ सापडत नाही' असा एरर असेल तर नॅसचा आयपी पत्ता बदललाय का बघा. राउटर रीस्टार्ट झाल्यावर असं होऊ शकतं. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता नॅससाठी राखून ठेवा.

विंडोजवर आणखी एक गंमत होते. हाताने चालवलेला बॅकअप नीट होतो, रात्रीचा शेड्यूल केलेला मात्र फेल. मॅप केलेला झेड ड्राइव्ह, म्हणजे नॅसवरच्या फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर, तुमच्या लॉगिनपुरताच असतो. दुसऱ्या खात्याखाली चालणाऱ्या टास्कला तो दिसतच नाही. तिथे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हर (म्हणजे नॅस) आणि शेअर केलेल्या फोल्डरच्या नावाचा पूर्ण पाथ द्या, युजरनेम-पासवर्ड बॅकअप प्रोग्राममध्येच भरा.

वेग सेकंदाला ११-१२ एमबीवर थबकला असेल तर केबलवर संशय घ्या. गिगाबिट नेटवर्कवर ११० एमबीच्या आसपास मिळायला हवा. केबलमधली एखादी तार तुटली की लिंक गुपचूप १०० मेगाबिटवर उतरू शकते. आणि पहिला पूर्ण बॅकअप वायफायवर? नकोच. लॅपटॉप स्लीपमध्ये जात नाही ना, नॅसवरचा कोटा (तुम्हाला ठरवून दिलेली जागा) भरला नाही ना, हेही बघून घ्या.

सगळं हिरवं दिसलं तरी एक फोल्डर दुसरीकडे रिस्टोअर करून फाइल्स उघडून बघा. तोवर जुनी कॉपी पुसू नका.