काम करून आणलं आणि ब्रेक धरायला लागले: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. जुनी गाडी, नुकतंच झालेलं ब्रेकचं काम आणि त्यानंतर न सुटणारी चाकं. पार्ट बदलत सुटण्याआधी प्रेशर कुठे अडकलंय ते शोधा. गाडी धरलेली असतानाच ते सापडतं. थंड झाली की पुरावा गेला.

प्रश्न : २००४ची मारुती ८००, बूस्टरवाली (पेडलचा जोर वाढवणारा डबा). नवीन मास्टर सिलिंडर, पॅड आणि लायनर टाकले. पाच-सात किलोमीटर गेलं की पेडल कडक होतं आणि गाडी ओढत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुटते. (सातारा)

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलला प्रेशर देतो. त्यात एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की पिस्टन मागे जातो, भोक उघडतं आणि प्रेशर ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जातं. पिस्टन एखादा मिलिमीटर जरी पुढे राहिला तरी हे भोक झाकलेलं राहतं. मग ऑइल तापून फुगतं, त्याला परतीची वाट नसते आणि ब्रेक आपोआप दाबले जातात. थंड झाल्यावर सुटतात ते याचमुळे.

गाडी धरली की सपाट जागी थांबवा, इंजिन बंद करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक खाली करा आणि पुढचं एक चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. मास्टर सिलिंडरचे बूस्टरकडचे दोन नट ढिले करून सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढा. चाक सुटलं, तर पिस्टन ढकलणारा बूस्टरचा रॉड लांब आहे किंवा पेडल पूर्ण मागे येत नाही. नाही सुटलं, तर नट परत घट्ट करा, पाइपाचा नट फडक्यात धरून किंचित ढिला करा. आता सुटलं, तर दोष मास्टर सिलिंडरच्या आत आहे. तरीही नाही सुटलं, तर चाकाचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडा. त्याने सुटलं तर दोष होज पाइपमध्ये (चाकाकडे जाणारा रबरी पाइप). नाहीतर बिघाड कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), म्हणजे ऑइलचा दोष नाही. पाइपाचा नट किंवा ब्लीडर उघडला असेल, तर एअर काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

तुमच्याकडे मास्टर सिलिंडर नवा असल्याने पहिला संशय रॉडवर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या खड्ड्याची खोली थोडी वेगळी निघते. रॉडच्या टोकावर क्लेचा छोटा गोळा लावा, सिलिंडर बसवून आवळा आणि परत काढा. क्ले पूर्ण चेपून धातू दिसला, तर फट नाही. पातळ थर राहील इतका रॉड आत घ्या. ब्रेक लाइटचा स्विचही पाहा, तो जास्त आत बसवला तर पेडल अडकतं. पेडलला बोटाने थोडी मोकळी चाल लागलीच पाहिजे. सिलिंडर आणि बूस्टरच्या मध्ये वॉशर टाकून काम भागवू देऊ नका. जोडातून हवा शिरली की बूस्टरचा जोर जातो.

प्रश्न : फक्त पुढचं डावं चाक धरतं. कॅलिपर नवा टाकला, तरी तेच. (रत्नागिरी)

ब्लीडर उघडताच ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं फिरलं, तर होज पाइप बदला. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतलं रबर सुटून झडपेसारखं वागतं. पेडलाचा जोर त्यातून जातो, परत मात्र येत नाही. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला तरी हे होतं. तो तारेने बांधून ठेवावा. होज दोन्ही बाजूंचे बदला, तांब्याचे वॉशर नवे घ्या.

ब्लीडर उघडूनही चाक जाम असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पाहा. समुद्राजवळच्या हवेत त्या गंजतात. त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने त्यांची रबरी टोपणं फुगतात. पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज वायर ब्रशने साफ करा.

प्रश्न : ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं. आता? (नागपूर)

पेडल दाबू नका. दाबलं नसेल तर टाकी उपसून, काढून धुतली तर बहुधा वाचाल. दाबलं असेल, तर ब्रेकचं रबर फुगणार. मग मास्टर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, होज या सगळ्यांचं रबर बदलावं लागतं आणि लोखंडी पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे लागतात. अर्धवट काम इथे महागात पडतं. संशय असेल, तर ग्लासभर पाण्यात टाकीतले चार थेंब टाका. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल तरंगतं.

प्रश्न : मागचे लायनर नवे, चाक हाताने फिरत नाही. (सांगली)

हँडब्रेकची केबल जुन्या झिजलेल्या लायनरनुसार ताणलेली असेल. ती पूर्ण ढिली करा, आधी शू (लायनर लावलेले ब्रेकचे तुकडे) बसवून घ्या, केबल शेवटी. ड्रममधला हँडब्रेकचा लिव्हर शूला टेकून बसलाय का ते बघा. नसेल तर केबल अजून ओढतेय किंवा आवरणात गंजलीय. शूचं अंतर जुळवणारा अॅडजस्टर डावा-उजवा बदलला असेल तरी घोळ होतो. हलकी घासण्याची खरखर सुरुवातीला चालते. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

प्रश्न : ब्रेक धरलेली गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेली तर? (पुणे)

नको. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं. पाणी शोषलेलं असेल तर १४० अंशांनाच. उकळलं की पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. बाजूला घ्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका आणि टोईंग बोलवा.