ओठांची साथ घेण्याआधी

हाकेचा शब्द, म्हणजे जो ऐकताच यंत्र जागे होते तो शब्द, गोंगाटातही ओळखणारे यंत्र तुम्ही बनवत आहात आणि त्याला सुरुवातीलाच आवाज आणि बोलणाऱ्याच्या ओठांचे चित्र एकत्र शिकवू पाहत आहात. माझा सल्ला असा की आधी केवळ आवाजावर चालणारे छोटे न्यूरल जाळे (उदाहरणांवरून शिकणारी गणिती रचना) नीट उभे करावे, म्हणजे गोंगाटात ते नेमके कुठे चुकते हे दिसेल आणि ओठांच्या चित्राने काय भरून निघाले हे मोजता येईल. मिक्सरच्या घरघरीत ‘म’ आणि ‘न’ यांची गल्लत सहज होते, पण ‘म’ म्हणताना ओठ मिटतात आणि ‘न’ म्हणताना मिटत नाहीत, म्हणून तिथे कॅमेरा उपयोगी पडतो. उलट ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे हाकेचा शब्द निवडतानाच हा विचार करावा.

जाळे लहान करण्यासाठी साध्या कन्व्होल्युशनऐवजी (छोटा फिल्टर माहितीवर सरकवत नमुने शोधण्याची क्रिया) चॅनेलनिहाय विभागलेले कन्व्होल्युशन वापरावे, म्हणजे प्रत्येक चॅनेलवर (माहितीच्या समांतर थरावर) वेगळा फिल्टर चालवून मग सगळे चॅनेल एकत्र मिसळावेत: 64 चॅनेल आत, 64 बाहेर आणि 3×3 चा फिल्टर असेल, तर 36,864 ऐवजी 4,672 वजने (जाळे शिकते ते आकडे) पुरतात. त्यानंतर 32 बिटांची वजने 8 बिटांवर आणली की आकार चौथाई होतो.

आवाजाच्या सेकंदाला साधारण 100 चौकटी (वेळेचे छोटे तुकडे) असतात आणि चित्राच्या 25, तेव्हा दोन्हींच्या वेळेचा मेळ आधी तपासावा. माझे दोन आठवडे निव्वळ उशिरा येणाऱ्या चित्रामुळे वाया गेले होते. प्रशिक्षणात अधूनमधून चित्र मुद्दाम कोरे ठेवावे, कारण माणूस नेहमी कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलत नाही. चाचणीत अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा दर तासाला किती वेळा यंत्र विनाकारण जागे झाले, हे मोजावे.