अमेरिकेत जुन्या कारखान्याची प्रदूषित जागा घेतली, तर सफाईसाठी सरकारी कर्ज मिळतं का? त्यातून इमारतही बांधता येते का?

सफाईसाठी मिळतं, इमारतीसाठी नाही. ही सोय ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) ब्राउनफील्ड्स, म्हणजे प्रदूषित जुन्या जागांसाठीच्या, रिव्हॉल्व्हिंग लोन फंडातून होते. पण ईपीए तुम्हाला थेट कर्ज देत नाही. ती राज्य, शहर किंवा तत्सम संस्थेला अनुदान देते आणि ती संस्था पुढे कमी व्याजाने कर्ज देते. परतफेडीचे पैसे त्याच निधीत जमा होऊन पुढच्या जागेला जातात. त्यामुळे पहिली चौकशी तुमच्या शहराच्या किंवा राज्याच्या कार्यालयात करा. खाजगी विकासकाला कर्जच मिळतं. सबग्रँट, म्हणजे न फेडायचा पैसा, सरकारी आणि ना-नफा संस्थांसाठी असतो. दूषित माती उचलणं, अ‍ॅस्बेस्टॉस काढणं, सफाईसाठी अपरिहार्य असेल तर पाडकामही यात बसतं. नव्या बांधकामाचा पैसा दुसरीकडून उभा करावा लागतो. शिवाय सफाईच्या कामावर डेव्हिस-बेकन कायद्याचे, म्हणजे त्या भागातल्या प्रचलित दराइतके किमान मजुरीदर लागू होतात. अंदाजपत्रकात हे हमखास राहून जातं.

एक अट मात्र कडक आहे: त्या प्रदूषणाला 1980 च्या सुपरफंड कायद्याखाली (प्रदूषित जागांच्या सफाईची जबाबदारी ठरवणारा कायदा) तुम्ही जबाबदार ठरत असाल, तर हे कर्ज मिळत नाही. नुसती मालकीही जबाबदार ठरायला पुरते, म्हणून या जबाबदारीतून बचावासाठी खरेदीआधीच ‘फेज वन’ पर्यावरण तपासणी (जागेचा इतिहास आणि पाहणी) करून घ्या, आणि तिचे मुख्य भाग खरेदीच्या दिवशी 180 दिवसांपेक्षा जुने नकोत. खरेदीनंतर केलेली तपासणी या बचावासाठी चालत नाही.