ते एकोणीस जण

तुझं पत्र दोनदा वाचलं. ७४ ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या गाठींचे रुग्ण, सगळ्यांच्या गाठींचं सिक्वेन्सिंग (जनुकांचं वाचन) पूर्ण, आणि १९ जणांच्या नावापुढे 'संपर्क नाही'. गाईड म्हणतात, तसंच लिही आणि पुढे जा, प्रबंध द्यायला दहाच आठवडे उरलेत. आणि मग तुझं ते शेवटचं वाक्य: ओपीडी सोडून पूर्णवेळ प्रयोगशाळेत जावं का, तिथे निदान रिकामे रकाने तरी नसतात.

या वाक्यावर मी चिडले, खरं सांगते. रकाने तिथेही रिकामेच असतात. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. २००५ मध्ये एमजीएमटीचा, म्हणजे हे औषध कुणाला जास्त लागू पडेल ते सुचवणाऱ्या जनुकाच्या तपासणीचा निकाल छापून आला तो त्यातल्या २०६ जणांचा. बाकीच्यांचा ऊतक-नमुना एक तर मिळालाच नव्हता, नाही तर तपासणीला पुरला नव्हता. तरीही आज आपण एमजीएमटीचा रिपोर्ट मागवतो तो त्या २०६ जणांच्या जोरावर, कारण त्यांचा नमुनाही हाताशी होता आणि त्यांचं पुढे काय झालं हेही ठाऊक होतं. दोन्ही टोकं हवीत. एक टोक सुटलं की दुसऱ्याला किंमत नाही.

म्हणून सांगते, त्या १९ जणांचं पुढे काय झालं ते शोध. आधी ते, बाकी सगळं नंतर.

सर्व्हायव्हल कर्व्ह, म्हणजे किती जण किती काळ जगले याचा आलेख, काढताना संपर्क तुटलेल्याला आपण सेन्सॉर करतो, म्हणजे शेवटच्या भेटीपर्यंतच मोजतो. त्यात एक गृहीतक दडलेलं असतं: जे निसटले त्यांची गत उरलेल्यांसारखीच झाली असेल. मेंदूच्या गाठीच्या बाबतीत तुला हे पटतं? ज्याची एक बाजू लुळी पडली, वाचा गेली, तो ओपीडीत येईनासा होतो. जो बरा होऊन कामाला लागला, ज्याला रुग्णालयाचं तोंडही बघायची इच्छा उरली नाही, तोही येईनासा होतो. दोघांवर आपण एकच शेरा मारतो. तुझ्या १९ जणांत पहिले जास्त असतील तर आलेख आहे त्याहून गोजिरा दिसेल. दुसरे जास्त असतील तर उगाच काळवंडलेला. सॉफ्टवेअर यातलं काही सांगणार नाही. ते निमूटपणे रेघ काढून देईल.

अ‍ॅनाप्लास्टिक ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या ग्लायोमाच्याच एका प्रकाराच्या चाचणीत २९१ रुग्ण घेतले होते, १९९४ ते २००२ या काळात. काहींना नुसतं रेडिएशन, काहींना आधी पीसीव्ही ही तीन औषधांची केमो आणि मग रेडिएशन. २००६ चा निकाल असा, की आयुष्य काही वाढत नाही, केमोचा त्रास तेवढा होतो. फाईल तिथेच बंद झाली असती. पण त्या लोकांनी रुग्णांची विचारपूस चालूच ठेवली. २०१३ मध्ये तेच आकडे पुन्हा मांडले तेव्हा ज्यांच्या गाठीतून गुणसूत्रांचे १पी आणि १९क्यू हे दोन्ही तुकडे गेलेले होते, त्यांचं मध्यक आयुष्य नुसत्या रेडिएशननं ७.३ वर्षं आणि केमो दिल्यावर १४.७ वर्षं निघालं. दुप्पट! गुणसूत्रांची माहिती २००६ मध्येही हातात होती. कमी पडत होती ती फक्त वर्षं.

माझ्या प्रबंधात असे ११ जण होते. मीही 'संपर्क नाही' लिहून सुटका करून घेतली. काही वर्षांनी त्यातल्याच एक बाई ओपीडीत आल्या, स्वतःच्या पायांनी, हातात 'ग्लायोब्लास्टोमा' (ग्लायोमाचा सगळ्यात घातक प्रकार) असं लिहिलेला मऊ पडलेला रिपोर्ट. मी त्यांचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, शोधायला धावले. ब्लॉक संपला होता. मीच तो माझ्या प्रयोगासाठी शेवटच्या कापापर्यंत वापरला होता. पुढे २००८ मध्ये आयडीएच१ या जनुकातलं म्युटेशन (बदल), जे असलेले रुग्ण जास्त काळ जगतात, समोर आलं, तेव्हा पहिल्या त्या आठवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मेंदूच्या गाठींच्या २०२१ च्या वर्गीकरणात तर असं म्युटेशन असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. त्यांची गाठ त्यातली होती का? आता ते कुणालाच कळायचं नाही. इतकी वर्षं झाली, अजून ते मला टोचतं.

तेव्हापासून मी एकही नाव तसं सोडलेलं नाही. त्यापायी माझे पेपर मोजके राहिले, बरोबरीचे पुढे गेले, एकदा पदही हुकलं. हट्टी म्हणतात मला. म्हणोत. माझ्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे काही ना काही लिहिलेलं आहे, आणि तिच्यातून निघालेला आलेख मी कुणाहीपुढे ठेवू शकते. मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

प्रयोगशाळेत जायचं तर खुशाल जा. पण आठवड्यातला एक दिवस ओपीडीचा ठेव, म्हणजे ट्यूबवरच्या नंबराला चेहरा राहील. आणि यापुढे पहिल्याच भेटीत दोन फोन नंबर घे, त्यातला एक फाईल सांभाळणाऱ्या नातेवाइकाचा.

फोन करण्याआधी एथिक्स समितीची परवानगी आहे ना, ते बघून घे. फोन लागल्यावर 'पेशंट आहेत का' असं विचारू नकोस. आधी स्वतःचं नाव सांग, कुठून बोलतेय किंवा बोलतोय ते सांग, आणि आत्ता बोलायला चालेल का ते विचार. नको म्हणाले तर आभार मानून ठेवून दे. बोलू लागले तर मध्ये तोडू नकोस. तारीख त्यांच्या बोलण्यातूनच येते, बहुतेक वेळा एखाद्या सणाच्या किंवा लग्नाच्या आधाराने. कुणी विचारेल, हा आजार आमच्या मुलांना होईल का? बहुतेक ग्लायोमा आनुवंशिक नसतात, हे शांतपणे सांग. घरात आणखी कुणाला कर्करोग झाला होता का ते मात्र विचारून घे, आणि तसं असेल तर जेनेटिक्सवाल्यांकडे पाठव.

गाईडशी मी बोलते. चार आठवडे तुला मिळतील. यादी मला पाठव, नावं झाकून, फक्त निदानाचं वर्ष आणि शेवटच्या भेटीची तारीख. सगळ्यात जुना कोण, ते आपण मिळून ठरवू, आणि पहिला फोन त्याच घरी लाव.