‘हुशार आहे हो, पण चिकाटी नाही’

नववीतल्या मुलीला माझ्याकडे घेऊन आलेल्या आईची ही तक्रार कित्येक पालकांच्या तोंडी असते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीचे गणिताचे मार्क सारखे घसरत होते. मात्र घरी ती तासन्‌तास चित्रं काढायची, एकच हात मनासारखा उतरेपर्यंत पुन्हापुन्हा खोडायची. म्हणजे चिकाटी होती. गणितात ती का टिकत नव्हती, हे शोधायचं होतं.

पीटरसन आणि सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये २४ स्वभावबळांची, म्हणजे स्वभावातल्या चांगल्या गुणांची, यादी मांडली. अभ्यासात त्यांपैकी चिकाटी आणि आत्मनियमन (स्वतःला आवर घालणं) विशेष कामी येतात. २००५ मध्ये डकवर्थ आणि सेलिग्मन यांना आठवीच्या मुलांमध्ये असं आढळलं, की वर्षअखेरच्या गुणांचा अंदाज बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीवरून जास्त चांगला बांधता येतो. याचा अर्थ ‘शिस्त लावा’ असा घेतला, की घरात नुसती भांडणं होतात.

पहिला आठवडा फक्त नोंदी ठेवायला सांगितल्या: वही किती वाजता उघडली, कुठे थांबली, तेव्हा मनात काय आलं. त्यातून दुखणं सापडलं. अवघड उदाहरण आलं की ती लगेच उत्तर बघायची, ‘समजलं’ म्हणून पुढे जायची. सोडवलेलं वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. कोऱ्या कागदावर मात्र अडतं.

मग ठरलं ते असं. ‘खाणं झालं की टेबलापाशी बसून पहिलं उदाहरण उतरवायचं.’ फोन दुसऱ्या खोलीत. रोज २५ मिनिटं, जास्तीत जास्त तीन उदाहरणं. अडलं तर दहा मिनिटं स्वतः झगडायचं, मग उत्तरातली पुढची एकच ओळ पाहायची आणि पुस्तक मिटून उदाहरण पहिल्यापासून सोडवायचं. चूक संकल्पनेची, आकडेमोडीची की प्रश्न नीट न वाचल्याची, हे समासात लिहायचं. तीन दिवसांनी तेच उदाहरण पुन्हा.

जमतंय म्हटल्यावर आईने वेळ दोन तासांवर नेली आणि मुलीने वही उघडणंच सोडलं. हे हमखास होतं. पुन्हा २५ मिनिटांवर आलो. आईला ‘किती मार्क?’ऐवजी ‘आज कुठे अडलीस, मग काय केलंस?’ एवढंच विचारायला सांगितलं. पुढच्या चाचणीत मार्क थोडेच वाढले, पण कोरे सोडलेले प्रश्न जवळपास नव्हते.

महिना-दोन महिने एवढं करूनही आकडे उलटसुलट होत असतील किंवा वाचनच अडखळत असेल, तर स्वभावाला बोल लावू नये. अध्ययन-अक्षमतेची (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या विशिष्ट अडचणीची) तपासणी करून घ्यावी.